जिन्यातली सिंफनी

कतारगामच्या एका हिरेवाल्या शेठजींनी आईच्या पंच्याहत्तरीसाठी माझ्याकडे स्वतःच्या आवाजात अकरा भजनं रेकॉर्ड केली. तीन दिवस आम्ही दोघं घाम पुसत होतो. शेवटी सगळं ऐकून ते म्हणाले, "बाकी बधुं सरस छे, रमेशभाई. खाली मारो अवाज बदली नाखो." बाकी सगळं छान, फक्त माझा आवाज तेवढा बदलून टाका! सुरतेत एकतीस वर्षं ध्वनिमुद्रणाचा धंदा केला, त्यात अशी गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यांच्याच गमती लिहा, असा संपादकांचा आग्रह होता. लिहायला बसलो आणि मन भलत्याच गोष्टीपाशी जाऊन बसलं. ती गोष्ट एका विलायती सिंफनीची आहे आणि माझ्या वडिलांची आहे.

आधी धंद्याबद्दल दोन शब्द. लोकांना वाटतं, गाणाऱ्यासमोर माईक ठेवला, बटण दाबलं की झालं रेकॉर्डिंग. माईक हा फार भोळा असतो. आपला कान नको ते गाळतो. पंखा फिरतोय हे आपल्याला पाच मिनिटांत ऐकू येईनासं होतं. माईकला असलं शहाणपण नाही. पंखा, रिक्षा, शेजारच्या मिक्सरमधली चटणी, सगळं तो इमानदारीने घेतो. म्हणून माझं निम्मं आयुष्य आवाज घेण्यात नव्हे, आवाज बंद करण्यात गेलं. बाहेर कुठे रेकॉर्डिंगला गेलो की पहिलं काम म्हणजे तिथला फ्रिज बंद करणं, कारण त्याची घरघर हमखास मधेच सुरू होते. आणि फ्रिज बंद केला की मी माझ्या स्कूटरची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवतो. म्हणजे घरी निघताना किल्ली शोधावी लागते आणि फ्रिज परत चालू करायचं राहत नाही. ही युक्ती सुचण्याआधी मी एका गिऱ्हाइकाचं सहा किलो श्रीखंड नासवलं होतं.

शांततेचा हा धंदा मी निवडला, पण जन्म लिंबायतचा, सुरतेतल्या खडखडाटी कामगारवस्तीतला. आप्पा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडून सुरतेला आले आणि चाळीस वर्षं त्यांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. एका खात्यात, म्हणजे कारखान्यात, साठ-साठ लूम एकदम खडखडत असतात. तिथे शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. चिमूट धरून फाकवली की धागा तुटला. दोन बोटं एकमेकांत पिळली आणि मूठ पुढे ढकलली की धागा जोडला, लूम चालू कर. कॉलर ओढली की देखरेख करणारा मास्तर आला. आणि कापडाचा ताका तपासून झाला, त्यात खोट नाही, हे सांगायचं तर तळहात सपाट करून हवेत वरून खाली एकदाच फिरवायचा. ताका पास. आप्पा या खुणेबाबत भलते कंजूष. त्यांच्या हाताखाली शिकलेले कारागीर अजून सांगतात की आप्पांचा तळहात फिरला की पगार झाल्याइतकं बरं वाटायचं.

लूमने आप्पांचे कान नेले. एकदम नाही, हळूहळू. पन्नाशीला आले तेव्हा पुरते बहिरे झाले होते. कानाचं मशीन लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. घरात आम्ही त्यांच्याशी खात्यातल्यासारखं हातांनीच बोलतो. ते मात्र तोंडाने बोलतात, आणि त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे सगळं लूमच्या वरच्या पट्टीत.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगायला मला आवडत नाही. स्टुडिओ नवा होता तेव्हा आप्पा रात्रपाळी करून रोज दुपारी माझा डबा घेऊन यायचे. एकदा आत एका गरबा गायिकेचं रेकॉर्डिंग चाललं होतं. दाराबाहेर लाल दिवा लागला होता. त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. ते दार ढकलून आत आले आणि मोठ्यांदा म्हणाले, "रम्या, भाकर गरम शे, लगेच खाई ले!" अख्खा टेक गेला. मी गिऱ्हाइकांसमोर त्यांच्यावर ओरडलो. बहिऱ्या माणसावर! गिऱ्हाइकं हसली. आप्पांना शब्द ऐकू आले नाहीत, पण माझं तोंड त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून डबा खालच्या पानवाल्याकडे मिळायला लागला. ते परत कधी जिना चढून आले नाहीत, आणि मीही कधी या म्हटलं नाही. बहिऱ्या माणसाला रेकॉर्डिंगमध्ये काय काम, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि ती तीसेक वर्षं पुरली.

तर सिंफनी. मागच्या उन्हाळ्यात खुर्शीदबाई माझ्याकडे आल्या. पारशी बाई, वय अठ्ठ्याहत्तर, नानपुऱ्यातल्या एका जुन्या शाळेत त्यांनी जन्मभर मुलांना पियानो आणि गाणं शिकवलं. त्यांना एक सिंफनी रेकॉर्ड करायची होती, म्हणजे तिचा शेवटचा भाग. शेसव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मनभाषक संगीतकाराची. ती वाजवायला शंभर वादक लागतात, मागे गाणाऱ्यांचा मोठा ताफा लागतो आणि पुढे दोन बायका एकेकट्या गातात, एक उंच आवाजाची, एक खर्जातली.

मी म्हटलं, "बाई, सुरतेत शंभर वादक कुठून आणायचे?"

"दोन पियानो अने एक ऑर्गन," बाई म्हणाल्या. बाकी वादकांचं काम या तीन वाद्यांवर उतरवून त्यांनी स्वतः वह्या भरल्या होत्या. गायला साठ माणसं त्यांनी वर्षभर तयार केली होती: चर्चमधली मंडळी, शाळेतले शिक्षक, केरळच्या नर्सा. खर्जात गाणारी शीबा त्यांच्यातलीच एक नर्स. उंच आवाजाची हेतल त्यांची जुनी विद्यार्थिनी, ती रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच दिवशी कॅनडाला कायमची जाणार होती.

"आणि रमेश दीकरा," त्या म्हणाल्या, "हे बघ." त्यांनी उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कंप वाढत जाईल. गोळी घेतली की दोनेक तास हात ताब्यात असतो, तोही पूर्ण नाही. पुढच्या वर्षी त्या हाताने साठ माणसांना ताल दाखवता येणार नव्हता. "मारे एक वार सांभळवुं छे," त्या म्हणाल्या. मला एकदाच ऐकायचं आहे. त्यांनी हे विनवून सांगितलं नाही, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही.

त्या संगीतात एक जागा आहे. सगळं थांबतं आणि लांबून, कुठून तरी पलीकडून, तुताऱ्या ऐकू येतात. मग त्या लांबच्या सुरातून साठ माणसं इतक्या हळू गायला लागतात की श्वास घेतल्याचा आवाज त्याहून मोठा वाटावा. तुतारीवाले मंचावर दिसता कामा नयेत, ते लांबच असले पाहिजेत. तुतारी फुंकणारे सुरतेत कोण? लग्नाचे बँडवाले! मी लिंबायतच्या सुकलाल बँडवाल्याला गाठलं. लग्नाचा हंगाम नसला की सुकलाल आणि त्याची माणसं लूमवर जातात. त्याला नोटेशनचं अक्षर येत नाही, पण खुर्शीदबाईंनी पियानोवर दोनदा वाजवून दाखवलं आणि पठ्ठ्याने तिसऱ्यांदा स्वतः वाजवलं. बाई म्हणाल्या, "बहु सरस." सुकलाल मला कानात म्हणाला, "भाऊ, नवरदेव कोठे शे?"

रविवार ठरला. नेमकी माझी बायको मुलीकडे नाशिकला गेली होती, आणि ब्याऐंशी वर्षांच्या आप्पांना दिवसभर एकटं ठेवता येईना. नाइलाजाने मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नानपुऱ्याला नेलं. नाइलाजाने, हे मुद्दाम लिहितो. हॉल पहिल्या मजल्यावर होता. मंचाच्या बाजूला एक दार, दाराबाहेर जिना. जिन्याच्या वरच्या पायरीपाशी मी त्यांना खुर्ची टाकून दिली, हातात पेपर दिला आणि ओठांवर बोट ठेवलं. खाली तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी सुकलालचे चौघं. त्या जिन्यातून तुतारी वर यायची तेव्हा खरंच दूरच्या गावातून आल्यासारखी वाटायची. माझ्या कामावर मी खूश होतो.

पंखे बंद केले. घंटेचं बटण टेपने बांधलं. कँटीनचा फ्रिज बंद करून त्यात किल्ली ठेवली. कबुतरं हाकलली. बाईंनी गोळी घेतली. साठ माणसं उन्हाळ्यात पंख्याशिवाय उभी होती आणि कोणी कुरकुर केली नाही.

आणि त्या जागेवर येऊन सगळं अडकलं. खाली उभ्या सुकलालला बाईंचा हात दिसत नव्हता, त्यामुळे तुतारी कधी अर्धा ठोका आधी, कधी एक ठोका नंतर. मी त्याला हेडफोन दिले. त्याने दोन मिनिटांत काढून ठेवले. "कानात डब्बा घालीसन फुकता येत नही भाऊ." मग मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. मोबाइलचं चित्र नेहमी थोडं मागे असतं, तुतारीही तेवढीच मागे राहिली. मग गाणाऱ्यांतल्या एका मुलीला वरच्या पायरीशी उभं केलं, म्हणजे तिने दारातून बाईंचा हात बघायचा आणि तसाच हात खाली सुकलालला दाखवायचा. ती बिचारी गाणारी. तिचा हात डोळ्यांचं सोडून कानाचं ऐकायचा, आणि जिन्यात आवाज घुमून तिच्या कानाशी उशिरा पोचायचा. त्यात बाईंचा हात थरथरणारा. कंप कुठला आणि ठोका कुठला हे तिला कळेना. ती रडकुंडीला आली.

पाचवा टेक. तुतारी लागली, मी डोळे मिटले, आणि दारातून लूमच्या पट्टीत आवाज आला, "अरे, लेट व्हई ऱ्हायनात रे तुम्ही! ती बाईना हात देखा!"

आप्पा.

साठ माना वळल्या. तीस वर्षांपूर्वीचा तो दिवस जसाच्या तसा समोर आला. आप्पांनाही तो आठवला असावा, कारण माझं तोंड बघताच ते पेपर गुंडाळून उठायला लागले. मी त्यांना खाली बसवायच्या विचारात दाराशी पोचलो होतो, तेवढ्यात मागून बाईंनी विचारलं, "आ कोण छे?"

"माझे वडील आहेत. माफ करा. त्यांना अजिबात ऐकू येत नाही."

बाईंनी हातातली ताल दाखवायची काडी खाली ठेवली. "ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या, "तर मग बँड उशिरा येतोय हे त्यांना कसं कळलं?"

मी आप्पांना हातांनी विचारलं. ते म्हणाले, एवढ्या मोठ्यांदा की मला माइकची काळजी वाटली, "बाईना हात खाली वना, सुकलालना गाल मंग फुगना. हाऊ काय बराबर शे का?"

बाईचा हात आधी खाली आला आणि सुकलालचे गाल नंतर फुगले. बस, एवढं साधं. आम्ही सगळे कानाने अंदाज बांधत होतो. आप्पा नुसते बघत होते. मी खुणेने विचारलं, पण बाईंचा हात थरथरतो ना? आप्पांनी माझ्याकडे मी अजून लहान असल्यासारखं पाहिलं. लूमखात्यात जमीन थरथरते, भिंत थरथरते, धागा थरथरतो. त्यातूनच आडवा धागा नेणारा धोटा केव्हा फिरला ते ओळखायचं असतं. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं!

मी त्यांना पायरीच्या कडेला उभं केलं आणि त्यांच्या चपला काढून घेतल्या, कारण त्यांच्या पायाचा आवाज होतो हे त्यांना कळत नाही. खाली सुकलालने मान वर केली आणि हसला. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. आप्पांनी मूठ आवळून वर धरली: थांब. त्यांची नजर बाईंच्या हातावर. माझे वडील काम करताना मी लहानपणानंतर पहिल्यांदा बघत होतो.

बाईंनी घड्याळ पाहिलं. गोळीचे दोन तास संपत आले होते, कोपरापर्यंत हात हलत होता. "चाल," त्या म्हणाल्या, "छेल्ली वार."

शेवटचा टेक. ऑर्गन थांबला. बाईंचा हात वर गेला, थरथरत तिथेच राहिला आणि खाली आला. त्याच क्षणी आप्पांची मूठ पुढे ढकलली गेली: चालू कर. आणि तुतारी लागली. नेमकी लागली. एक हाक, मग दुसरी, मग दोन्ही एकमेकींत मिसळल्या, आणि दर वेळी आप्पांचा हात बाईंच्या हाताबरोबर, एक केसही मागेपुढे नाही. शेवटची तुतारी जिन्यात विरली आणि त्या विरण्यातून साठ माणसांनी गायला सुरुवात केली. हेडफोनमध्ये मला आधी सूर आलाच नाही, नुसतं हॉलमध्ये कोणी तरी असल्यासारखं वाटलं. मग हेतलचा आवाज त्यांच्यातूनच हळूहळू वर निघाला. मग शीबाचा. मी गेली कित्येक वर्षं आवाजाचे काटे बघत काम करतो, त्या दिवशी ते बघायचं राहून गेलं.

शेवटचा सूर संपल्यावर नियमाप्रमाणे मी हात वर धरून सगळ्यांना थांबवून ठेवलं. हॉलमधला आवाज पूर्ण मरेपर्यंत कोणी हलायचं नसतं. मग हात खाली घेतला. बाई खुर्चीत बसल्या, दोन्ही हात मांडीवर, दोन्ही थरथरत. "बस," त्या म्हणाल्या. "हवे थरथरवानुं होय तो थरथरे." आता थरथरायचं असेल तर थरथरू दे. हेतल त्यांच्या पायाशी बसून रडत होती आणि बाई तिला पासपोर्ट नीट ठेवलास का विचारत होत्या.

खाली सुकलालने भुवया उडवून आप्पांना विचारलं, कसं झालं? आप्पांनी जरा वेळ घेतला. मग तळहात सपाट करून हवेत वरून खाली फिरवला. ताका पास. चार बँडवाले पोरांसारखे नाचले.

बाईंना ते रेकॉर्डिंग मी आठवड्याभरात साफ करून दिलं. त्या ते रोज संध्याकाळी ऐकतात, आणि हेतल तिकडे बर्फात ऐकते. पाचवा टेक मात्र मी कोणाला दिला नाही. तो खराब टेक आहे, "लेट व्हई ऱ्हायनात रे तुम्ही" असं त्यात मधेच स्वच्छ ऐकू येतं. सगळ्या शहराचे आवाज मी रेकॉर्ड केले, हिरेवाल्या शेठजींचासुद्धा. आप्पांचा आवाज माझ्याकडे तेवढाच आहे. तो जपून ठेवला आहे.

त्या रविवारी संध्याकाळी हॉलमधून निघताना किल्ली सापडेना. आप्पांनीच फ्रिज दाखवला. सकाळी मी काय करतो ते त्यांनी पाहून ठेवलं होतं. किल्ली गार झाली होती. लिंबायतच्या वाटेवर एका सिग्नलला स्कूटर थांबली. दोन्ही बाजूंना रिक्षा, मागे टेम्पो. आप्पा माझ्या कानाशी तोंड आणून त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "रम्या, त्या गानामा काय व्हतं रे?"

रिक्षावाले बघायला लागले. बघू दे म्हटलं.

त्या गाण्यात काय होतं, हे बाईंनी मला समजावलं होतं: जे मोडलं, जे मातीत गेलं, ते तिथेच संपत नाही, ते पुन्हा उठतं. एवढं सगळं हातांनी कसं सांगायचं? मी आरशात बघितलं. आरशात आप्पा माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी हँडल सोडलं, दोन्ही हात त्यांना दिसतील असे वर धरले. आधी चिमूट फाकवली. मग दोन बोटं एकमेकांत पिळली आणि मूठ पुढे ढकलली. धागा तुटला होता. धागा जोडला, लूम चालू.

सिग्नल सुटला, मागचा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला, मी स्कूटर पुढे काढली. आणि मागून आप्पांनी माझ्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, सपाट तळहात एकदाच फिरवला.